मोटारीचा खाडा

अक्का, तुमच्या नावाची कमान होणार आहे. डांबरी रस्त्यावरून गावाकडं वळतो त्या फाट्यावर. सिमेंटचे दोन खांब, खांबांवर दोन हत्ती आणि मधे मोठ्या अक्षरांत तुमचं नाव. ग्रामसभेत ठराव झाला. हात वर करताना बायका डोळे पुसत होत्या. मी एकटीनं हात वर केला नाही, आणि तेव्हापासून गावात मला तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही. सगळं सांगते, पण मधे तोडू नका. मधे तोडायची तुमची सवय जन्माची, आज मात्र तुमचा इलाज नाही.

कमान झाली की यंदाचा निधी संपला. नाल्यावर घालायचे दगडी बांध गेले, आणि बांधांबरोबर मोटारी बंद ठेवायचा तुमचा खाडाही गेला. इतकी वर्षं तुम्ही ज्यासाठी गावाशी भांडलात, आणि गावापेक्षा जास्त माझ्याशी भांडलात, ते आता तुमच्याच नावाच्या सिमेंटखाली जाणार. ते वाचवायला गावात उरलंय कोण, तर मी. जिनं जन्मभर उलट्या बाजूनं वाद घातला ती. देवाला चेष्टा करायला दुसरं कोणी सापडलं नसेल.

आपण जावा. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. मी लग्न होऊन आले तेव्हा चूल एक होती. पुढं घर वाटलं, रान वाटलं, दोन अंगणांच्या मधे छातीएवढी भिंत आली. विहीर तेवढी वाटता आली नाही. ती सामाईक राहिली, एक दिवस पाण्याची पाळी तुमची, एक दिवस माझी. त्या भिंतीवरून आपण किती भांडलो ते शेजारपाजाराला पाठ आहे. पण भिंत बांधताना गवंड्याला "अजून उंच नको, मंग बोलता येत न्हाई" असं तुम्हीच सांगितलं होतं, ते कोणाला ठाऊक नाही. दुपार कलली की तुम्ही भिंतीवर पेला वाजवायच्या. म्हणजे चहा झाला. तुमचा चहा म्हणजे साखरेचा पाक. मी नाक मुरडत तो प्यायचे आणि कालचं भांडण जिथं सोडलं होतं तिथून आपण पुढं चालू करायचो.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा गावानं तुम्हाला बिनविरोध निवडलं, ते काही प्रेमापोटी नाही. मोठे दादा, तुमचे मालक, जाऊन वर्षं झालेली, बाई एकटी, सांगू तिथं सही करेल, असा सगळ्यांचा अंदाज. तुम्ही खुर्चीवर बसलात त्या मग काही केल्या उठला नाहीत. पहिल्याच बैठकीत कमानीचा विषय निघाला. हसनाबादच्या रस्त्यानं जावं तर दर गावाला कमान, आपल्याच फाट्यावर काही नाही. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला पायी जाणारी एवढी माणसं आपल्या फाट्यावरून जातात, त्यांना इथं गाव आहे हेसुद्धा कळत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, "बांधा की. वर लिहा, या, पण पाणी संगं घेऊन या."

त्या उन्हाळ्यात गावाला टँकर चालू होता. टँकर गावविहिरीत रिता व्हायचा आणि बायका तेच पाणी दोरानं परत वर काढायच्या. बैठकीत कोणी हसलं नाही म्हणे. मी मात्र ते ऐकलं तेव्हा आत जाऊन पोट धरून हसले. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही आठवडाभर फुगून फिरला असता.

मग तुम्ही तो नकाशा काढलात. गावाचा आराखडा म्हणजे तालुक्याहून आलेले छापील कागद, ते भरून परत पाठवायचे, एवढंच आम्हाला माहीत. तुमचं म्हणणं, कागदावर कोणाला स्वतःचं घर दिसत नाही. तुम्ही मारुतीसमोरचं अंगण सारवून घेतलंत, एका बाजूला मुरमाचा ढीग टाकून डोंगर केलात आणि रांगोळीनं अख्खं गाव काढलंत. नाला, रस्ता, घरं, विहिरी, रानं. आलेल्या प्रत्येकाला आपापल्या घरावर उभं केलंत. बोलायचं ते आपल्या घरावर उभं राहून, हा तुमचा एकच नियम. त्यामुळं मागं उभं राहून टोमणे मारणाऱ्यांची फार पंचाईत झाली.

सगळे उभे राहिल्यावर तुम्ही डोंगरावर कळशी ओतली. पाणी मुरमावरून खाली आलं, नाल्यानं धावलं आणि गावाबाहेर निघून गेलं. कुठंच थांबलं नाही. शेततळ्यांच्या जागी तुम्ही स्टीलच्या वाट्या ठेवल्या होत्या. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायला खड्डा खणायचा, आत प्लास्टिक अंथरायचं, ते शेततळं. पण आपल्याकडं मोसंबी वाढली तशी तळी वाढली, आणि पावसाची वाट बघायला कोणाला सवड होती? विहिरीला मोटार लावून सगळ्यांनी तळी भरली. जमिनीच्या पोटातलं पाणी वर काढायचं आणि उन्हात वाळत घालायचं. तुमच्या वाट्यांत कळशीतला एक थेंब गेला नव्हता. तुम्ही खाली बसलात, नाल्यातलं पाणी ओंजळीनं उचलून एकेका वाटीत टाकलंत आणि म्हणालात, "आपण हे असं करून राह्यलो." सभा लांबली. उठताना पाहिलं तर वाट्या हात पोळतील एवढ्या तापल्या होत्या आणि पाणी तळाला गेलं होतं.

त्यातली एक वाटी माझी होती. मी माझ्या घरावर उभी राहून विचारलं, मग माझ्या मोसंबीला काय तांब्यानं पाणी घालू? सभा हसली. तुम्ही हसला नाहीत. तिथं आपला जो वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

तुमचं म्हणणं सोपं होतं. अमावस्येला बैल औताला जुंपत नाहीत, तो बैलाचा खाडा. "बैलाला खाडा हाय, मंग मोटारीला का न्हाई?" आठवड्यातले दोन दिवस नाल्याकाठच्या सगळ्या मोटारी बंद. नाल्यावर दगडी बांध. तळी भरायची ती पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यानं, विहिरीवरून नाही. एवढाच तुमचा आराखडा. माझं म्हणणं त्याहून सोपं होतं. आपण मोटार बंद ठेवायची आणि शेजारच्यानं ओढायचं, म्हणजे येडं कोण ठरलं? पाण्याला बांध कळत नाही. मी सोडलेलं पाणी खालच्या विहिरीतून निघणार आणि दुसऱ्याच्या तळ्यात जाणार. तुम्ही म्हणायच्या, "निघू दे. कोणाच्या तरी घरून सुरू व्हावंच लागतं ना, इंदू." मी म्हणायचे, मग तुमच्याच घरून होऊ द्या. तुमच्या तुरीला आणि ज्वारीला आभाळ पुरतं, झाडं माझी आहेत. झाड एकदा वाळलं की पुढच्या मृगात पेरता येत नाही.

अजूनही मला वाटतं, यात माझं काही चुकत नव्हतं. तुमचंही चुकत नव्हतं. म्हणून तर ते संपत नव्हतं.

तुमची पाच वर्षं सरली, दुसरे सरपंच आले. आताचे सरपंच माणूस वाईट नाहीत. तुमचा खाडा ते दरवर्षी आराखड्यात घालायचे, शेवटच्या पानावर. शेवटच्या पानावरच्या कामाला कधी निधी पुरत नाही, हे त्यांनाही ठाऊक आणि तुम्हालाही. तरी दर ग्रामसभेला तुम्ही मारुतीसमोर बसून गाव काढायच्या. पाठ धरायची, गुडघे वाजायचे. मी म्हणायचे, कशाला मरता? तुम्ही म्हणायच्या, यंदा एक घर वाढलंय, ते काढायला नको का?

आणि मी तापानं पडले होते ते वर्ष. टायफॉइड होता, जालन्याला दवाखान्यात होते. आमचे हे माझ्याजवळ. ऐन उन्हाळा, फळं लिंबाएवढी झालेली. मी परत आले ती बाग वाळली असेल असं मनाशी धरून. बाग हिरवीगार. तुम्ही तुमच्या पाळीचं पाणीसुद्धा माझ्या मोसंबीला सोडलं होतं. ज्या झाडांवरून तुम्ही मला गावासमोर बोलायच्या, त्याच झाडांना. मी विचारलं तर पेला पुढं करत म्हणालात, "झाडाचं काय भांडण हाय माझ्यासंगं?" त्या दिवशी तुमचा गोडमिट्ट चहा मी मुकाट्यानं प्यायले. उपकार फेडायची मला तीच एक रीत सुचली.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दुपारीही आपण तेच भांडत होतो. मी म्हणत होते की गावाला शहाणपण नियमानं येत नाही, सगळ्यांची मोटार एकाच वेळी बंद पडली तर येईल. तुम्ही गप्प झालात. तुम्ही गप्प झालात की मला भीती वाटायची. मग म्हणालात, "तुझं मला पटत न्हाई. पण एक गोष्ट तू बराबर बोललीस. उद्या सांगते." मी म्हटलं, आत्ताच सांगा. "चहा निवून राह्यला," म्हणत तुम्ही आत गेलात.

दुसऱ्या दिवशी पेला वाजला नाही. मला वाटलं, रुसल्या. मग भिंतीपलीकडून तुमच्या लेकाची, गजाननची हाक आली, आणि ती हाक ऐकूनच मला कळलं. अक्का, उभ्या जन्मात एकदा तुम्ही मला बराबर म्हणालात, आणि कशात बराबर ते सांगितलंच नाही.

आपल्या भावकीत सुतकात मोट जुंपत नसत. मोटा गेल्या, मोटारी आल्या, नियम तसाच राहिला. दहाव्यापर्यंत विहिरीतून काढायचं ते बादलीनं, प्यायला आणि जनावरांपुरतं. नाल्याकाठच्या विहिरी सगळ्या भावकीच्याच. त्यामुळं ऐन चैत्रात एका दिवसात सगळ्या मोटारी बंद झाल्या. तरणी पोरं चुळबुळली, फळं गळतील म्हणाली, पण म्हाताऱ्यांपुढं कोणाचं चाललं नाही. रानातला मोटारींचा आवाज थांबला. इतकी वर्षं तो आवाज आहे हेच मी विसरले होते. पाखरं ऐकू यायला लागली आणि मला ती नकोशी झाली.

चार-पाच दिवसांनी मी जनावरांसाठी बादली घेऊन विहिरीवर गेले. आपल्या विहिरीच्या पायऱ्यांत ती एक रुंद पायरी आहे, दुपारी तुम्ही जिच्यावर पाय सोडून बसायच्या. तुम्ही सांगायच्या की तुम्ही नवी नवरी होता तेव्हा चैत्रात पाणी त्या पायरीला लागलेलं असायचं. मी कधी खरं मानलं नाही. म्हणायचे, जुन्या माणसांचं सगळंच मोठं असतं. त्या दिवशी पायरी ओली होती. पाणी तिच्या काठाशी उभं होतं, निवांत, जसं काही कुठं गेलंच नव्हतं. मी बादली ठेवली आणि तिथंच बसून मोठ्यानं रडले. नंतर मला तुमचा राग आला, एवढा राग की मी तुम्हाला शिव्या दिल्या. वाद जिंकायचा हा काय रस्ता झाला, अक्का?

खाली गावविहिरीतही पाणी चढलं. टँकर आला तेव्हा बायका आधीच भरून निघाल्या होत्या. टँकरवाला नळी हातात धरून आत वाकून बघत राहिला आणि तसाच माघारी गेला. दोन दिवसांत गावभर झालं. आक्काची पुण्याई. आक्का गेल्या आणि जाता जाता गावाला पाणी देऊन गेल्या. विहिरीच्या कठड्यावर हळदीकुंकू पडलं, नारळ फुटले. मी भेटेल त्याला सांगत होते की पुण्याई नाही, मोटारी बंद आहेत, खाडा म्हणतात तो हाच. माणसं मान डोलवायची आणि म्हणायची, हो ना, आक्कांमुळंच.

दहाव्याला नाल्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. कडुलिंबावर बसून राहिला, मान वाकडी करून. मला मनातून बरं वाटलं, म्हटलं तुम्ही इतक्या सहज कोणाचं ऐकणाऱ्या नव्हेच. गजानन पुढं झाला, आई, तुझ्या धाकट्या नातीचं लग्न नीट करून देतो म्हणाला. कावळा हलला नाही. वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवतो म्हणाला, तरी नाही. ऊन चढलं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले, आक्काची काय इच्छा राहिली असेल? अख्ख्या गावात ती मलाच माहीत होती. मी पदर तोंडावर धरून हळूच म्हटलं, अक्का, मोटारींचा खाडा पाळायला लावते. त्याच वेळी सरपंच मोठ्यानं म्हणाले, "आक्का, तुमच्या नावाची कमान बांधतो फाट्यावर." आणि कावळा खाली आला.

कावळा कोणाच्या शब्दाला उतरला ते देव जाणे. गावानं मात्र एकच शब्द ऐकला होता. म्हाताऱ्यांनी हात जोडले. पिंडापुढं दिलेला शब्द, तो कोण मोडणार? सुतक फिटलं आणि त्याच संध्याकाळी सगळ्या मोटारी चालू झाल्या. दहा दिवस थांबलेली माणसं, ती दुप्पट ओढायला लागली. गजाननचीही चालू झाली. दुसऱ्या दिवशी माझी झाली. फळं खरंच गळत होती, अक्का. मी काय करायचं होतं?

मग महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. सकाळी मी मारुतीसमोर गाव काढलं. मला तुमच्यासारखा हात नाही. नाला वाकडा आला, शाळा रस्त्यात आली. आपली दोन घरं काढली आणि मधे भिंत काढताना बोटातून रांगोळी नीट सुटेना, भिंत फार जाड झाली. वाट्या ठेवल्या, मुरूम टाकला. माणसं आली आणि सवयीनं आपापल्या घरावर जाऊन उभी राहिली. तुमच्या घरावर गजानन उभा राहिला, खाली बघत. सरपंचांनी कमानीचा ठराव वाचला. म्हणाले, चतुर्थीला राजूरला जाणारं प्रत्येक माणूस आक्कांचं नाव वाचून पुढं जाईल.

मी कळशी ओतली. नाल्यानं पाणी निघून गेलं, नेहमीसारखं. मी सांगितलं की सुतकात पाणी का चढलं आणि आता का उतरतंय. पायरीचं सांगितलं. म्हटलं, अक्कांना काही द्यायचंच असेल तर बांध घाला आणि दोन दिवसांचा खाडा पाळा. मग तुमचं ते जुनं वाक्यही सांगितलं, की या, पण पाणी संगं घेऊन या. मला वाटलं तुमचं बोलणं म्हणून ऐकतील. मघापासून डोळे पुसणाऱ्या बायकांचे चेहरे एकदम बंद झाले. मेलेल्या माणसाच्या कमानीवर मी चेष्टा लिहायला निघाले होते ना.

दहाव्याला मीही शब्द दिला होता, असं म्हटलं, तर मागून कोणीतरी म्हणालं की कावळ्याला ऐकू जायला मोठ्यानं बोलावं लागतं काकू. दोघंतिघं हसले. पण जे लागलं ते वेगळंच. आपल्या भावकीतली एक म्हातारी, आपल्याकडं ओवाळायला यायची ती, तिच्या घरावर उभी राहून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "इंदू, तुमचं दोघींचं कधी पटलंच न्हाई, हे गावाला ठाव हाय. आता ती गेली. आता तरी तिचं चांगलं होऊ दे."

इतकी वर्षं भिंतीवरून ओरडून ओरडून आपणच गावाला पढवलं होतं की ही जाऊ तिच्या विरुद्ध. तुमच्या बाजूनं बोलायला मी उभी राहिले तर माझं तोंड तुमच्या बाजूचं कोण समजणार? त्यांच्या दृष्टीनं धाकटी जाऊ जळत होती, दुसरं काय. पेल्यातला चहा कोणी पाहिला नव्हता. हात वर झाले, ठराव झाला. निघताना माणसं रांगोळीतून चालत गेली आणि गाव पुसलं. वाट्या मी गोळा केल्या.

संध्याकाळी गजानन भिंतीशी आला. मी त्याच्याशी बोलणार नव्हते. तोच बोलला. "काकू, तुझं खोटं हाय असं म्हणत न्हाई मी. पण गावात बाईमाणसाचं नाव कुठं हाय? शाळेवर न्हाई, मंदिरावर न्हाई, घराच्या पाटीवरसुद्धा न्हाई. माझ्या आईचं लागून राह्यलं तर लागू दे ना." तुम्हाला म्हणून सांगते, त्याच्या आदल्या दिवशी मी फाट्यावर गेले होते. खांबांसाठी ठरावाआधीच चुन्यानं आखलेल्या खुणा बघितल्या, वर रिकाम्या जागेत बघितलं आणि तुमचं नाव तिथं मनातल्या मनात वाचलं. छान दिसत होतं, अक्का. कौसल्याबाई. तुम्हाला या नावानं कोणी हाक मारलेली मी उभ्या जन्मात ऐकली नाही.

मला कमान पण हवी आणि पाणी पण हवं, असं झालं असेल तर मी काय करू? आणि तुमचे हत्ती बघून टँकरवाला दर उन्हाळ्यात कमानीखालून येत राहिला तर तुमच्या नावाकडं मी कोणत्या तोंडानं बघू? तुम्ही असता तर त्या दोन हत्तींवरून असं काही बोलला असता की महिनाभर गाव हसलं असतं आणि तेवढ्यात एखादा बांध घालून घेतला असता. मला ते येत नाही. मला फक्त तुमच्याशी भांडता येतं. ती एकच कला शिकले मी या घरात, आणि आता ती कोणावर चालवू?

रोज दुपारी मी अजून भिंतीशी येऊन उभी राहते. गजाननची बायको चहा विचारते, साखर बेताची घालते. चांगला असतो चहा. मला गिळवत नाही.

काल तुमची पाळी होती, म्हणजे गजाननची. आज माझी. सकाळी विहिरीवर आले तर ती रुंद पायरी कोरडी, तिच्यावर वाळलेल्या शेवाळाची कड तेवढी राहिली आहे. पाणी पार खाली गेलंय. बागेत फळं लिंबाएवढी आहेत, रोज सकाळी झाडाखाली थोडी पडलेली असतात. आज पाणी दिलं तर उरलेली धरतील. नाही दिलं तर माझ्या वाटचं पाणी उद्या गजानन ओढेल, नाहीतर खालचा कोणी ओढेल. म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरेल, आणि बाग जाईल. दिलं तर तुमचा खाडा ज्या एका घरून सुरू व्हायचा राहिला होता, तिथूनही होणार नाही. गावानं तुम्हाला सिमेंटमध्ये घातलं आणि मी तळ्यात वाळवलं, असं होईल.

म्हणून मघापासून तुमच्या पायरीवर बसले आहे. वर पेटीत मोटारीचं हिरवं बटण आहे. वीज आहे, ती दुपारी जाईल. आमचे हे बांधावर उभे आहेत, वाट बघताहेत. अक्का, मी काय बराबर बोलले होते? ते तरी सांगा. जन्मभर तुम्ही न विचारता मला सांगत आलात, पदर कसा घ्यायचा, भाकरी कशी थापायची, पाणी कुठं सोडायचं. मी कधी विचारलं नाही, कधी ऐकलं नाही. आज पहिल्यांदा विचारून राह्यले. बटण दाबू का नको, बोला ना.